पुतणीच्या लग्नाच्या दोन पत्रिका

माझ्या सख्ख्या मोठ्या भावानं मला फसवलं. मुलीच्या लग्नाच्या त्यानं दोन वेगळ्या पत्रिका छापल्या. एकीत माझं नाव होतं. ती मला आणि माझ्या ओळखीच्या लोकांना द्यायला. दुसरीत माझं नाव नव्हतं. ती बाकी सगळ्या जगाला वाटायला. पहिली मीच छापली, माझ्या दुकानात, फुकट. दुसरी त्यानं नागपूरहून छापून आणली.

हे असं सरळ लिहितो, कारण गेल्या उन्हाळ्यापासून प्रत्येक नातेवाईक मला "काहीतरी गैरसमज झाला असेल" असं समजावतो आहे. गैरसमज एका कागदाचा होतो. इथे दोन कागद आहेत आणि दोन्ही माझ्या दुकानात टेबलाच्या काचेखाली आहेत. ज्याला पाहायचे असतील त्यानं घाटंजीला यावं. चहा मी पाजतो.

माझा धंदा कार्डांचा. लग्नपत्रिका मुख्य. त्याशिवाय व्हिजिटिंग कार्ड, शाळेची आयकार्डं, आधार आणि पॅनची प्लास्टिकची कार्डं, रेशनकार्डाला लॅमिनेशन. लोक मला कार्डवालाच म्हणतात. माणसाचा जन्म, जात, जमीन, आजार, सगळ्याचं आता कार्ड निघतं आणि ते खिशात वाकतं, पावसात भिजतं, मग माणूस माझ्याकडे येतो. मला तक्रार नाही. याच्यावरच मी स्लॅबचं घर बांधलं.

घासाघीस करण्यात माझा हात कोणी धरत नाही, हेही सांगून टाकतो. मध्यंतरी एका बँकेचा टायवाला माणूस क्रेडिट कार्ड द्यायला दुकानात आला. म्हणाला, "सर, जन्मभर फ्री." मी विचारलं, "माह्यासाठी फ्री हाये, पण मी सही केली का तुले काय भेटते?" तो हसला. मी नाही हसलो. तासभर बसवला, दोन चहा पाजले, शेवटी त्याच्या कंपनीकडून चाकाची प्रवासी बॅग घेतली तेव्हा सही केली. बायको म्हणाली, "कुठं जाची हाये बॅग घेऊन?" कुठे जायची नव्हती. पण फुकट म्हणणाऱ्याकडून काहीतरी सुटलं पाहिजे, हा माझा नियम आहे. हा नियम मी परक्यांना लावला. घरच्यांना लावायचा राहिला.

लग्नपत्रिकेच्या धंद्यात कागद, शाई, सोनेरी वर्ख या सगळ्या सोप्या गोष्टी आहेत. अवघड असतात ती नावं. मुला-मुलीची नावं कोणी दोनदा वाचत नाही. माणूस पत्रिका हातात घेतो तो आधी खाली जातो, निमंत्रक कोण, स्नेहांकित कोण, आपण आहोत का, असलो तर कोणाच्या वर आणि कोणाच्या खाली. माझ्या दुकानात दोन भाऊ एकमेकांच्या अंगावर धावून गेलेले मी पाहिले आहेत, एका ओळीसाठी. एका आत्याबाईंनी छापून झालेल्या पाचशे पत्रिका परत आणल्या होत्या, कारण त्यांच्या नातवाचं नाव "आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं" या ओळीत राहून गेलं होतं. नातू तीन महिन्यांचा होता. मी हसलो नाही. त्यांचं बरोबर होतं. पत्रिकेत नाव असणं म्हणजे तुम्ही त्या घरचे आहात, हे घरच्यांनी चारचौघांत कबूल करणं.

म्हणून प्रूफवर सही घेतल्याशिवाय मी एकही पत्रिका छापत नाही. सहीखाली तारीख. नंतर कोणी "हे नाव कसं गेलं" म्हणून आलं की प्रूफ समोर ठेवतो.

माझ्या भावाचीही सही माझ्याकडे आहे. माझ्या नावासकट असलेल्या प्रूफवर. लाल पेनानं लिहिलं आहे, "ठीक."

आम्ही दोघंच भाऊ. घाटंजीपासून जवळच्या एका गावात आमची कोरडवाहू शेती, कापूस आणि तूर. बाबांनी दोघांनाही यवतमाळला शिकायला ठेवलं. एकच खोली, एकच स्टोव्ह, एकच कंदील म्हणतात तशी गत, फक्त कंदिलाच्या जागी चाळीसचा बल्ब. भाऊ बी.कॉम.ला, मी अकरावीला. घरमालक कडक होता. दारामागे त्याचे नियम चिकटवलेले होते आणि त्यात पहिलाच नियम, खोलीत पत्ते खेळायचे नाहीत.

पत्ते भावाचे होते. कॅट त्यानं विकत आणला होता. रविवारी त्याचे दोन मित्र यायचे आणि मेंढीकोट रंगायचा. चौथा गडी म्हणून मला बसवायचे. भाऊ चांगला खेळायचा. हुकूम हातात असला तरी चेहऱ्यावर काही दिसू द्यायचा नाही. मी मात्र दश्शी हातात आली की मांडी हलवायचो.

एका रविवारी नळाचं काहीतरी सांगायला घरमालक अचानक आत आला. मित्र नुकतेच गेले होते. गादीखालून बदामची राणी बाहेर डोकावत होती. त्यानं गादी उचलली.

"कोणाचे?"

भाऊ समोरच्या पुस्तकात पाहत राहिला. पुढच्या आठवड्यात त्याची परीक्षा होती. मी म्हणालो, "माहे."

त्याच संध्याकाळी मला खोली सोडावी लागली. मी एका छापखान्यात पत्रिकांना घड्या घालायच्या कामावर लागलो, तिथेच कागदांच्या रिमांवर झोपायचो. अकरावी सुटली ती सुटलीच. भाऊ बी.कॉम. झाला, परीक्षा देऊन सरकारी ऑफिसात लागला, यवतमाळला बंगला बांधला. मी "माहे" म्हणालो ते माझ्या मर्जीनं म्हणालो. त्याची किंमत मी मागत नाही. पण गावात सगळीकडे झालं काय, तर "धाकटा पत्त्यांच्या नादी लागला, मोठ्यानं नाव काढलं." भाऊ हे ऐकत राहिला. एकदाही म्हणाला नाही की अहो, पत्ते माझे होते. बाबा गेले तेही असंच समजून गेले.

बाबा गेल्यावर रेशनकार्ड वेगळं करायची वेळ आली. जुन्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला असल्याशिवाय नवीन कार्ड मिळत नाही. तहसीलमध्ये तीन चकरा मारल्या, अर्ज केला, कारण लिहिलं, शिक्का घेतला, तेव्हा कुठे एका नावावर रेघ ओढली गेली. सरकार माणसाचं नाव कमी करताना एवढं विचारतं. सख्खा भाऊ काही विचारत नाही.

आता लग्नाचं सांगतो.

पुतणी माझ्या अंगाखांद्यावर वाढलेली. लहानपणी उन्हाळ्यात घाटंजीला यायची आणि दिवसभर दुकानात बसायची. ताज्या पत्रिकांचा वास घ्यायची. छापून झालेली कार्डं गणपतीच्या चित्राप्रमाणे वेगळी करून ठेवायची. बसलेला गणपती एकीकडे, नाचणारा दुसरीकडे. तिचं लग्न जमलं तेव्हा भावाचा फोन आला. "मुलगा पुण्याला इंजिनिअर आहे. वडील रिटायर्ड अधिकारी, यवतमाळलाच घर आहे. लोक मोठे आहेत. तू ये, हॉलचं बोलायला तूच पाहिजे. मला ते जमत नाही."

त्याला जमत नाही हे खरं आहे. तो भाजीवाल्यालाही "किती?" विचारतो आणि तेवढे देऊन येतो. मी दुकान बंद करून सकाळच्या एस.टी.नं यवतमाळ गाठलं. हॉलवर मुलाचे वडील आले होते. पांढरे केस, इस्त्रीचा शर्ट, बोलायला सभ्य. भावानं माझ्याकडे हात केला आणि म्हणाला, "हे आमचं सगळं पाहतात."

मला ते वाक्य आवडलं. खोटं कशाला बोलू? मला वाटलं, भाऊ माझी थोरवी सांगतो आहे.

मग मी कामाला लागलो. हॉलवाल्यानं खुर्च्यांचं वेगळं, जनरेटरचं वेगळं, नवरीच्या खोलीच्या एसीचं वेगळं लावलं होतं. मी त्याला म्हटलं, "बाप्पा, एसी बंद ठेवाचा तं खोली कायले देतं? तिथं काय कापूस भरून ठेवाचा हाये?" मुलाचे वडील मोठ्यानं हसले. तासाभरात जनरेटर, एसी आणि पाण्याचे जार, तिन्ही भाड्यातच बसवले. आचाऱ्याला तिथेच बोलावला. वांग्याची भाजी, कढी, बुंदी, सगळ्याचं ठरवलं. तारीख धरून ठेवायला तिथल्या तिथे आगाऊ रक्कम भरायची होती. भावानं खिसे चाचपले, कार्ड घरी राहिलं म्हणाला. मी माझं क्रेडिट कार्ड काढून मशीनवर लावलं.

निघताना मुलाचे वडील म्हणाले, "फार छान बोलता तुम्ही. तुमचं कार्ड असेल तर द्या ना." मी छाती पुढे काढून व्हिजिटिंग कार्ड दिलं. त्यांनी ते वाचलं आणि पाकिटात ठेवलं. मी खुर्च्या मोजायला आत गेलो. ते मागे भावाशी काहीतरी बोलत होते. काय बोलत होते ते मला त्या दिवशी ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी भावानं मोबाइलवरून हॉलची रक्कम परत पाठवली, आणि वर हजार रुपये जास्त. मी फोन केला. "दादा, हे हजार कायचे?"

"राहू दे रे. तुझं येणं-जाणं, एक दिवस दुकान बंद होतं."

सख्ख्या पुतणीच्या लग्नाचं ठरवायला गेलेल्या काकाला रोजी! मी हजार परत पाठवले. तेव्हा मला वाटलं, सरकारी माणूस आहे, याला प्रवासभत्त्याची सवय आहे.

पत्रिकेचा मजकूर त्यानं पाठवला. निमंत्रक म्हणून आधी तो, त्याखाली मी, माझ्याखाली आमचा चुलतभाऊ, जो अमरावतीला कॉलेजात प्राध्यापक आहे. मी चांगला जाड कागद लावला. प्रूफ घेऊन स्वतः गेलो, सही आणली. विचारलं, "किती छापू?"

"दोनशे पुरे."

"दोनशे? पोरीचं लगन हाये का बारसं?"

"अरे, आता सगळे व्हॉट्सअ‍ॅपवरच पाठवतात. कागद कशाला वाया घालवायचा?"

इथेच मला वास यायला हवा होता. ज्याच्या ऑफिसातच शंभरावर माणसं, बंगल्यासमोर कॉलनी, बायकोचं माहेर भलं मोठं, त्याला दोनशे पत्रिका पुरतात? दुसरं गिऱ्हाईक असतं तर मी म्हटलं असतं, हा बाकीच्या दुसरीकडे छापून राहिला. मी बावीस गावच्या लोकांना ओळखतो, कोण उधारी बुडवेल हे चपलेवरून सांगतो. पण भावासमोर माझी अक्कल खुंटीला टांगून ठेवलेली असते.

पुतणी स्वतः पत्रिका घेऊन आली. मीच छापलेली पत्रिका, कोपऱ्याला हळद-कुंकू लावून, मलाच दिली. पाया पडली. म्हणाली, "काका, कागद मस्त लावलात हो."

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी, घाटंजीच्या बाजाराच्या दिवशी, एक म्हातारे गृहस्थ दुकानात आले. बोरी अरब गावचे. मुलगी घाटंजीत दिलेली, तिच्याकडे आले होते; जावई यवतमाळला नोकरीला, रोज जाऊन-येऊन करणारा. यांच्या धाकट्या मुलाचं लग्न ठरलं होतं. पत्रिका छापायला येणारा माणूस नमुना म्हणून दुसऱ्याची पत्रिका घेऊन येतो, ही आमच्या धंद्याची रीत आहे. त्यांनी पिशवीतून एक पत्रिका काढून टेबलावर ठेवली.

"भाऊ, अशी पायजे. अगदी अशीच. जावयाच्या सायबाच्या पोरीचं लगन हाये, त्याची हाये."

मी आधी कागद पाहिला, सवयीनं. नागपूरचा माल. मखमली, सोनेरी वर्ख चांगला बसलेला. मग गणपती. मग नवरीचं नाव.

माझ्या पुतणीचं नाव.

तारीख तीच. हॉल तोच, मी घासाघीस करून ठरवलेला. मी खाली गेलो. निमंत्रक: माझा भाऊ. त्याखाली: प्राध्यापक चुलतभाऊ. त्याखाली भावाचे मेव्हणे, साडू, साडूचा भाऊ. मी वरून खाली गेलो, खालून वर आलो. सतरा नावं. पत्रिका उलटी करून मागची बाजूही पाहिली. मागे हॉलचा नकाशा होता.

म्हातारे म्हणाले, "काय झालं? महाग पडते काय?"

"नाई. बम सस्ती हाये," मी म्हटलं. त्यांना दुसऱ्या दिवशी या म्हणून सांगितलं आणि ती पत्रिका ठेवून घेतली. शटर अर्धं खाली ओढलं आणि फोन लावला.

"दादा, पत्रिका किती परकारच्या छापल्या?"

"म्हणजे?"

"म्हंजे माह्यासमोर एक हाये. थे मी नाई छापली."

तिकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "अरे, ती ऑफिसच्या लोकांसाठी. साधी. नावं कमी ठेवली तिच्यात."

"कमी? सतरा हायेत, मोजली मी. तुह्या साडूच्या भावाचं हाये. मले सांग, तुह्या साडूच्या भावानं पोरीले कवा कडेवर घेतलं?"

"तू दुकानात आहेस ना? हळू बोल."

"दुकान माहं हाये. आवाजबी माहाच हाये. काहून गाळलं नाव?"

मग त्यानं सांगितलं, आणि ज्या थंडपणानं सांगितलं तो अजून माझ्या कानात आहे. स्थळ पाहायला सुरुवात केली तेव्हा बायोडाटात काका या जागी त्यानं प्राध्यापकाचं नाव टाकलं होतं. बरं दिसतं म्हणून. "तेव्हा कुठे माहीत होतं की हेच स्थळ जमेल? जमलं. त्यांनी विचारलं, सख्खे काका का? मी हो म्हणून गेलो. आता मध्येच दुसरा काका कुठून काढू?"

"दुसरा? मी दुसरा होय?"

"तू समजून घे ना जरा. ते लोक कसे आहेत तुला माहीत नाही. तुझं शिक्षण विचारतील, ते सोडलं का विचारतील. मग ते पत्त्याबित्त्याचं निघेल. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

पत्त्याबित्त्याचं! माझ्या तोंडून त्यावेळी जे निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाजारातले लोक शटरखालून वाकून पाहायला लागले. मी फोन आपटला. मोबाइलची काच फुटली ती अजून तशीच आहे.

घरी बायकोला सांगितलं. ती शांतपणे तूर निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग लग्नाले जाचं का नाई, थे सांगा. साडीले पिको कराले टाकाचा हाये."

"कायले जाचं? कोण हावो आपण थ्या घरचे?"

"भांडण तुमचं भावासंगं हाये. पोरगी भांडली काय तुमच्यासंगं?"

मी नाही जायचं ठरवलं होतं. अगदी पक्कं. लग्नाच्या चार दिवस आधी पुतणीचा फोन आला. "काका, तुमची तब्येत कशी आहे? बाबा म्हणाले तुम्हाला बरं नाही, तुमचं यायचं नक्की नाही."

म्हणजे मी येणार नाही हे भावानं आधीच ठरवून टाकलं होतं, आणि मला आजारीही पाडलं होतं. मी म्हटलं, "बेटा, मले काई धाड नाई भरली. सगळ्याच्या आंधी येतो."

आणि गेलो. नवा शर्ट, बायको पिको केलेल्या साडीत. हॉलच्या दारात मुलाचे वडील भेटले. मला पाहून त्यांचा चेहरा खुलला. "बरं झालं तुम्ही स्वतः आलात! तो आइस्क्रीमवाला एकाच ठिकाणी उभा आहे, केवढी गर्दी झालीय बघा. त्याला जरा दोन काउंटर लावायला सांगा ना."

ते मोकळेपणानं पुढे बोलत होते. "तुमचं आडनाव कार्डावर पाहिलं तेव्हा मी साहेबांना विचारलं होतं, नात्यातले का? ते म्हणाले, गावचे आहेत आमच्या. गावचा माणूस असला की असं जीव लावून काम होतं बघा. कार्ड जपून ठेवलंय मी. डिसेंबरात पुतण्याचं आहे, पत्रिकेपासून सगळं तुमच्याकडेच. रेट मात्र नीट लावा हं."

गावचे आहेत आमच्या. हॉलमध्ये खुर्च्या मोजत होतो तेव्हा माझ्या पाठीमागे हे चाललं होतं. पुतणी मला काका म्हणते हे त्या भल्या माणसानं शंभरदा ऐकलं असेल. पण आपल्याकडे ऑटोवाल्यालाही काका म्हणतात.

त्या माणसाची काही चूक नाही. मी "लावतो" म्हणालो. आइस्क्रीमवाल्याकडे गेलो आणि दोन काउंटर लावून दिले. आलेली माणसं माझ्या पुतणीच्या लग्नात ताटकळू नयेत म्हणून लावले. मुलाच्या वडिलांच्या हुकमावरून नाही.

मग व्याह्यांच्या भेटी सुरू झाल्या. आमच्याकडे लग्नाआधी मांडवात दोन्हीकडची माणसं नात्याप्रमाणे एकमेकांना भेटतात. बापाला बाप, मामाला मामा, काकाला काका. हार घालायचा, गळाभेट घ्यायची. हौशी माणसं एकमेकांना उचलायचा प्रयत्न करतात आणि सगळा मांडव हसतो. माइकवाला नावं पुकारतो. मुलीचे वडील. भाऊ गेला, फेटा बांधून, हार पडले. मुलीचे मामा. गेले.

"मुलीचे काका!"

मी आइस्क्रीमच्या काउंटरपाशी होतो. बायको जवळ आली. "जा न वर. काहून उभे हा?"

मी निघालो. खरंच निघालो. चार-पाच खुर्च्या ओलांडल्या. भावानं मला पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही, कधी दिसत नाही. फक्त हाताचा पंजा जरासा खाली दाबला. थांब. आणि प्राध्यापक फेटा सावरत वर गेले. मुलाच्या काकानं त्यांना कमरेत धरून उचललं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, फोटोवाल्यानं पुन्हा एकदा उचलायला सांगितलं. पुन्हा उचललं.

मी मध्येच उभा होतो. एका बाईनं विचारलं, "भाऊ, पाणी कुठं ठेवलं हाये?" मी दाखवलं.

माझा राग जिल्ह्याला माहीत आहे. मी नागपूरच्या कागदवाल्या शेठची वही त्याच्याच दुकानात भिरकावली आहे. त्या दिवशी मी वर जाऊन माइक हिसकावू शकत होतो. एक वाक्य पुरलं असतं. पण आतल्या खोलीत पोरगी मुंडावळ्या बांधून बसली होती, आणि ते वाक्य तिच्या सासऱ्यानं ऐकल्यावर तिला जन्मभर काय ऐकावं लागलं असतं हे मला कळत होतं. भावालाही कळत होतं. माझं तोंड पोरीसाठी बंद राहील, हे धरूनच त्यानं सगळं बेतलं होतं. मी बोलणार नाही या एका खात्रीवर! मला राग याचा आहे. त्यानं माझं प्रेम हिशेबात धरलं आणि माझ्याविरुद्धच वापरलं.

लग्न लागलं. अक्षता टाकल्या. पोरगी जाताना माझ्या गळ्यात पडून रडली. सासऱ्यांनी कौतुकानं पाहिलं, गावचा माणूसही किती लळा लावतो म्हणून. भाऊ दोन हात दूर उभा होता. घसा खाकरला.

त्यानंतर फोन त्याचे आले नाहीत, त्याच्या बाजूनं दुसऱ्यांचे आले. मोठ्या मनाचा हो. झालं गेलं जाऊ दे. नावात काय आहे? नावात काय आहे, हे तीस वर्षं नावं छापून पोट भरणाऱ्याला विचारता? काही नसतं तर त्यानं नागपूरच्या पत्रिकांचा वेगळा खर्च कशाला केला असता? प्राध्यापकांचा एकदा फोन आला. म्हणाले, "मला दादांनी सांगितलं, मी उभा राहिलो." त्यांना मी एवढंच विचारलं की तुम्ही वर गेलात तेव्हा मी खाली उभा दिसलो होतो की नाही. ते म्हणाले, नेटवर्क नीट नाही.

आता दिवाळी झाली आहे. कापूस घरात येऊन राहिला, लग्नांच्या तारखा निघाल्या आहेत. मुलाच्या वडिलांचा कालच फोन आला, येत्या आठवड्यात पुतण्याच्या पत्रिकेचं पाहायला घाटंजीला येतात म्हणून. सोबत आमची पोरगीही असेल, दिवाळीला पुण्याहून आली आहे, तिला दुकान पुन्हा पाहायचं आहे म्हणे. दुसऱ्या पत्रिकेचं तिला काही माहीत आहे का, मला ठाऊक नाही. ते दारात येतील, मी उठून उभा राहीन. आणि मला तोंड उघडावं लागेल.

दादा, तुले वाचाले टाइम भेटत नाई, पण हे तू वाचजो. त्या माणसाले मी काय म्हनू? "या साहेब" म्हनू का "या व्याही" म्हनू? तुह्या पोरीसमोर खोटं बोलाचं काम मी आता करनार नाई, आन तिच्या घरात काडी लावाचं कामबी माहं नाई. हे तू केलं, तूच निस्तर. थो माह्या दुकानात याच्या आंधी त्याच्या घरी जा, त्याच्यासमोर बस आन तुह्या तोंडानं सांग, घाटंजीचा कार्डवाला तुहा कोण लागते ते. चिठ्ठी नको, मधला माणूस नको, प्राध्यापक तं अजिबात नको. आठ दिवस हायेत. सांगतं का नाई, बोल.